जगात जर्मनी, प्रायव्हसीत परभणी!

कायद्याची पदवी, काळा कोट आणि मग आयुष्यभर बांधाचे वाद... हा सीन आता बदलतोय. सायबर आणि प्रायव्हसी लॉ हे कायद्याच्या अभ्यासातलं सध्याचं एकदम हॉट स्पेशलायझेशन. पण मला ते कळलं ते कुठल्या करिअर फेअरमध्ये नाही, तर आमच्या आत्याच्या ओसरीवर!

रात्रीचे पावणेदहा. पुण्यात एफसी रोडवर आम्ही मैत्रिणी 'आज कुठे खायचं' या राष्ट्रीय प्रश्नावर चर्चा करत उभ्या होतो. फोन वाजला. आतेबहीण. ही बया एरवी फोन करत नाही, थेट रील्स पाठवते. उचलला, तर पलीकडून एकच वाक्य :

"ताई, आईच्या खात्यातून पैसे जायलेत. आत्ता, या मिनिटाला जायलेत!"

आत्या परभणी जिल्ह्यातल्या एका तालुक्याच्या गावात राहते. (कुठल्या, ते सांगत नाही. का, ते पुढे कळेल.) जिल्हा परिषदेच्या शाळेत मराठी शिकवून रिटायर झालेली. कडक बाई. अजूनही तिला मेसेज करताना मी ऱ्हस्व-दीर्घ दोनदा तपासते. त्या संध्याकाळी तिच्या व्हॉट्सॲपवर एका ओळखीच्या सरांच्या नंबरवरून लग्नपत्रिका आली. दिवस लग्नसराईचे, त्यात मराठवाड्यातलं गाव, म्हणजे आठवड्याला चार पत्रिका ठरलेल्या. तिनं उघडली. फोननं कसली तरी परवानगी मागितली, हिनं दिली. पत्रिका काही उघडली नाही. 'नेट स्लो असेल' म्हणून फोन ठेवून ती भाकरी टाकायला गेली.

ती पत्रिका नव्हतीच. ती होती एपीके फाइल, म्हणजे पत्रिकेच्या वेषातलं ॲप. त्यानं आत्याचे एसएमएस वाचायला घेतले, ओटीपी उचलले, आणि भाकरी तव्यावर फुगेपर्यंत पेन्शनच्या खात्याला भगदाड पडलं. ज्या सरांच्या नंबरवरून पत्रिका आली त्यांना पत्ताच नव्हता. त्यांचा फोन आधीच अशाच एका 'पत्रिके'नं गिळलेला!

आतेबहीण परभणीला एलएलबीच्या दुसऱ्या वर्षाला. त्या दिवशी नशिबानं घरी आलेली. तिनं काय केलं? फोनचं नेट बंद केलं, १९३० नंबर फिरवला, तक्रार नोंदवली, बँकेच्या हेल्पलाइनवर खातं गोठवायला लावलं, आणि मग मला फोन केला. या १९३०चा फंडा साधा आहे. तक्रार जितक्या लवकर जाईल तितक्या लवकर ज्या खात्यात पैसे गेले ते खातं रोखलं जातं. चोर पैसे एका खात्यातून दुसऱ्यात, दुसऱ्यातून तिसऱ्यात उड्या मारत नेतात. शर्यत त्या उड्यांशी असते. आमच्या केसमध्ये काही रक्कम मधल्या खात्यात अडकली. बाकीची गेली.

दुसऱ्या दिवशी सकाळच्या गाडीनं मी निघाले. पोचले तर घरात नवाच गोंधळ. मामा (आत्याचे यजमान, आमच्याकडं त्यांना मामाच म्हणतात) सकाळी सकाळी तो फोन घेऊन मोबाइलच्या दुकानात पोचलेले. दुकानातला पोरगा म्हणाला होता, "काका, रिसेट मारून देतो, सगळा व्हायरस साफ." आतेबहीण चपला न घालता धावत गेली आणि काउंटरवरून फोन हिसकावून आणला!

"मामा, तो पुरावाय," मी म्हटलं.

"पुरावा म्हणून फोन का कपाटात ठिवायचा का?" मामा.

"हो," बहीण म्हणाली. "कपाटातच."

बटण कुणी दाबलं?

बँकेत जे होतं ते तुम्हाला माहितीच आहे. बँकेचं नाव लिहीत नाही. साहेब सभ्य होते, चहा दिला, आणि म्हणाले, "मॅडम, परवानगी तुम्हीच दिली ना?" आत्या गप्प. पस्तीस-चाळीस वर्षं जिनं पोरांना उलटतपासणी घेऊन रडवलं, ती बाई मान खाली घालून बसलेली. मला ते बघवेना.

तेव्हा ही एलएलबीची सेकंड इयरवाली पोरगी बोलायला लागली. रिझर्व्ह बँकेनं जुलै २०१७मध्ये घालून दिलेला नियम तिनं सांगितला. चूक ग्राहकाचीही नाही आणि बँकेचीही नाही, त्रुटी तिसरीकडेच आहे, आणि ग्राहकानं तीन कामकाजाच्या दिवसांत कळवलं, तर ग्राहकाची जबाबदारी शून्य. निष्काळजीपणा ग्राहकाचा असेल, तर कळवेपर्यंतचं नुकसान त्याचं, कळवल्यानंतरचं बँकेचं. "आणि सर, जबाबदारी ग्राहकाची आहे हे सिद्ध करायचं ओझं बँकेवर आहे, आमच्यावर नाही." साहेबांनी चहाचा कप खाली ठेवला.

फसवलं गेलेल्या माणसानं बटण दाबलं, म्हणजे तो निष्काळजी ठरतो का? हा खराखुरा कायद्याचा प्रश्न आहे, आणि महाराष्ट्रात तो चांगलाच गाजलेला आहे. माहिती तंत्रज्ञान कायद्याच्या कलम ४६ खाली प्रत्येक राज्यात एक न्यायनिर्णय अधिकारी असतो. आपल्याकडे हे काम माहिती तंत्रज्ञान खात्याच्या सचिवांकडे. पाच कोटींपर्यंतच्या भरपाईचे दावे त्यांच्यापुढे चालतात. २०१३मध्ये त्या खुर्चीवर राजेश अग्रवाल होते आणि त्यांच्यापुढे पुण्याच्या पूना ऑटो ॲन्सिलरीज या कंपनीचं प्रकरण आलं. पंजाब नॅशनल बँकेतल्या कंपनीच्या खात्यातून ८० लाख १० हजार रुपये उडालेले. फिशिंगच्या मेलला कंपनीकडूनच उत्तर गेलं होतं. म्हणजे बटण ग्राहकानंच दाबलेलं! तरीही बँकेला ४५ लाख द्यायला सांगण्यात आलं, कारण ज्या खात्यांत पैसे वळले ती खाती उघडताना नीट छाननी झालेली नव्हती. दोष वाटून घ्या, असा तो हिशेब. मला हा निकाल फार माणसासारखा वाटतो. चूक केली म्हणून सगळंच गमावलं, असं नाही.

आमच्या पुण्यातल्या ऑफिसांच्या कट्ट्यावर असल्या केसेस कुणी बोलत नाही. 'कॉसमॉस' आठवतं सगळ्यांना. ऑगस्ट २०१८, ९४ कोटी, २८ देशांतल्या एटीएममधून एकाच वेळी काढलेले पैसे. एकदम सिनेमा! पण तिथे लुटली गेली बँक. आत्याच्या केसमध्ये लुटली गेलेली आत्या आहे, आणि तिच्यासाठी मंत्रालयातल्या त्या खुर्चीकडे अर्ज करता येतो हे गावातल्या एकाही वकिलाच्या तोंडून निघालं नाही. एकानं तर दिवाणी दावा टाकू म्हटलं. दिवाणी! आत्याच्या नातवंडांना निकाल मिळाला असता.

जालन्याची सीडी

त्या रात्री ओसरीवर बसून मी बहिणीला विचारलं, हे सगळं तुला कॉलेजात शिकवलं?

"छे गं. सायबर कायदा हा पेपर आहे, पण तो आहे 'व्याख्या द्या' टाइप. मी वाचायला लागले ते जालन्यामुळं."

जालना? हो, शेजारचं जालना! डिजिटल पुराव्याबद्दलचा देशातला सध्याचा सगळ्यात महत्त्वाचा निकाल आपल्या मराठवाड्यातल्या एका आमदारकीच्या भांडणातून आलाय, आणि ही गोष्ट मला, मास कॉमची डिग्री घेतलेल्या पत्रकाराला, माहीत नव्हती.

झालं असं. २०१४ची विधानसभा. जालन्यातून शिवसेनेचे अर्जुन खोतकर काँग्रेसच्या कैलास गोरंट्याल यांच्याविरुद्ध फक्त २९६ मतांनी निवडून आले. गोरंट्याल कोर्टात गेले. मुद्दा काय, तर खोतकरांचा उमेदवारी अर्ज २७ सप्टेंबरला दुपारी तीनच्या आत नियमानुसार दाखल झालाच नव्हता. पुरावा? निवडणूक अधिकाऱ्यांच्या कार्यालयातल्या व्हिडिओ कॅमेऱ्यांचं चित्रीकरण. त्याच्या सीडी मिळाल्या. पण पुरावा कायद्याच्या कलम ६५-ब प्रमाणे इलेक्ट्रॉनिक नोंदीसोबत एक प्रमाणपत्र लागतं : ही नोंद अमुक यंत्रातून निघाली, यंत्र नीट चालत होतं, मी त्याला जबाबदार. ते प्रमाणपत्र गोरंट्याल मागत राहिले, अधिकारी देईनात!

औरंगाबाद खंडपीठानं (तेव्हाचं नाव) नोव्हेंबर २०१७मध्ये अधिकाऱ्यांच्या साक्षीवर भागवून निवडणूक रद्द ठरवली. प्रकरण सुप्रीम कोर्टात. १४ जुलै २०२०ला न्यायमूर्ती नरिमन यांच्या खंडपीठानं सांगितलं : मूळ यंत्रच कोर्टात आणलं तर गोष्ट वेगळी, पण नक्कल आणत असाल तर प्रमाणपत्र हवंच हवं, तोंडी साक्षीनं भागणार नाही. मात्र ज्यानं सगळे प्रयत्न केले आणि तरी त्याला ते मिळालं नाही, त्याला अशक्य गोष्टीसाठी शिक्षा देता येणार नाही. खोतकरांचं अपील फेटाळलं. तोवर २०१९ची निवडणूक होऊन गोरंट्याल आमदार झालेसुद्धा होते. म्हणजे ज्या आमदारकीवरून भांडण, तिची मुदत संपल्यावर निकाल. पण तो निकाल आज देशातल्या प्रत्येक कोर्टात वाचला जातो. व्हॉट्सॲप चॅट असो, सीसीटीव्ही असो की कॉल रेकॉर्डिंग, 'अर्जुन पंडितराव' म्हटलं की वकील सरळ बसतात.

१ जुलै २०२४पासून जुन्या पुरावा कायद्याच्या जागी भारतीय साक्ष्य अधिनियम आला. ६५-बचं नाव झालं कलम ६३, आणि प्रमाणपत्राला दोन भाग आले. एक पक्षकाराचा, एक तज्ज्ञाचा. शिवाय त्यात 'हॅश' लिहायचा. हॅश म्हणजे फाइलचा अंगठा समजा. फाइलमधला एक ठिपका बदलला तरी तो अख्खा बदलतो. म्हणून तर बहीण फोनसाठी अनवाणी धावली! रिसेट मारला असता तर ती एपीके गेली असती, तिची वेळ गेली असती, परवानग्यांची नोंद गेली असती, आणि उरली असती फक्त आत्याची मान खाली घातलेली साक्ष.

पोलीस ठाण्यात आणखी एक गंमत कळली. माहिती तंत्रज्ञान कायद्याखालच्या गुन्ह्याचा तपास निरीक्षक दर्जाच्या खालच्या अधिकाऱ्याला करताच येत नाही, कलम ७८. छोट्या ठाण्यात निरीक्षक एकच. त्यांच्याकडे बंदोबस्त, उरूस, मोर्चे, चोऱ्यामाऱ्या... आणि आता आमची लग्नपत्रिका. ते बिचारे वैतागले नाहीत हेच नवल.

खासगी, दौलत आणि जर्मनी

इथपर्यंत झालं सायबर. प्रायव्हसीचं काय?

आमच्या गावाकडं 'प्रायव्हसी' हा शब्द चेष्टेचा आहे. दार लोटलं तरी "आत काय चाललंय?" विचारतात. पगार, वजन, लग्न कधी, मूल कधी, सगळं ओसरीवर. पण म्हणून आपल्याकडं ही कल्पनाच नव्हती असं कुणी म्हटलं, तर बहीण होळकरांची साक्ष काढते. होळकरांच्या राज्यात 'दौलत' वेगळी आणि 'खासगी' वेगळी. दौलत राज्याची, खासगी राणीची स्वतःची, तिचा हिशेब निराळा. अहिल्याबाईंची खासगी प्रसिद्धच आहे. आपला रोजचा 'खासगी' शब्द त्याच घरातला. माझं ते माझं, त्यात राज्यानं हात घालायचा नाही, हे आपल्याला दोन-अडीचशे वर्षांपूर्वी पैशांच्या बाबतीत कळत होतं. माहितीच्या बाबतीत कळायला वेळ लागला, इतकंच.

किती वेळ? १९५४मध्ये सुप्रीम कोर्टाच्या आठ न्यायमूर्तींनी म्हटलं, घटनेत असा हक्क दिसत नाही. १९६२मध्ये सहा जणांच्या खंडपीठानं तेच धरलं. आठांचं मत खोडायचं तर नऊ हवेत! म्हणून २०१७मध्ये नऊ न्यायमूर्ती बसले आणि २४ ऑगस्टला एकमतानं सांगितलं : खासगीपणा हा मूलभूत हक्क आहे. याचिका करणारे न्यायमूर्ती पुट्टस्वामी हे कर्नाटक हायकोर्टाचे निवृत्त न्यायाधीश. नऊ जणांत आपले नागपूरचे न्यायमूर्ती बोबडे होते आणि न्यायमूर्ती धनंजय चंद्रचूड होते. आणि इथं एक सॉलिड स्टोरी आहे. १९७६मध्ये, आणीबाणीत, नागरिकाचं स्वातंत्र्य गुंडाळून ठेवणारा जो 'जबलपूर' निकाल आला, त्याच्या बहुमतात धनंजय चंद्रचूडांचे वडील यशवंतराव होते. पुण्याचे, आयएलएस लॉ कॉलेजचे विद्यार्थी, पुढे सरन्यायाधीश. एक्केचाळीस वर्षांनी मुलानं आपल्या निकालपत्रात लिहिलं की तो निकाल गंभीररीत्या चुकीचा होता, आणि तो मोडीत निघाला. टीव्ही मालिकावाल्यांना अजून कुणी सांगितलेलं दिसत नाही.

आणि जर्मनी? 'जगात जर्मनी, भारतात परभणी' हे आम्ही परभणीकर जन्मापासून ऐकतो, आणि पुण्यात त्यावरून टोमणेही खातो. पण या विषयात ही म्हण चक्क खरी ठरते, अर्धी तरी! जगातला पहिला डेटा संरक्षण कायदा १९७०मध्ये जर्मनीतल्या हेसेन राज्यानं केला. १९८३मध्ये तिथल्या घटना न्यायालयानं जनगणनेच्या खटल्यात सांगितलं की स्वतःच्या माहितीचं काय व्हायचं हे ठरवायचा हक्क ज्याचा त्याला आहे. मग २०१८मध्ये युरोपचा जीडीपीआर लागू झाला, जागतिक उलाढालीच्या चार टक्क्यांपर्यंत दंड, आणि आमच्या हिंजवडीतल्या कंपन्यांना अचानक घाम फुटला. कारण युरोपच्या गिऱ्हाइकांचा डेटा इथल्याच सर्व्हरवर.

उरलेली अर्धी म्हण, परभणीची, बहिणीनं मला दाखवली. तालुक्याच्या बसस्टँडजवळचं एक झेरॉक्स सेंटर. पीक विमा, लाडकी बहीण, शेतकरी ओळख क्रमांक, सगळ्याचे फॉर्म इथंच. तुम्ही व्हॉट्सॲपवर आधार पाठवायचं, तो प्रिंट काढणार. कॉम्प्युटरच्या डेस्कटॉपवर नजर टाकली तर आधार, सातबारा, पासबुक, ओळीनं. अर्ध्या तालुक्याचं! कुणी डिलीट करत नाही. त्याचा काही वाईट हेतू नाही, त्याला फक्त वेळ नाही. "आता सांग," बहीण म्हणाली, "२०२३च्या कायद्यात हा कोण? माहिती कशासाठी वापरायची हे ठरवणारा, की दुसऱ्याच्या सांगण्यावरून नुसती हाताळणारा?" मला उत्तर आलं नाही. तिला परीक्षेत असा प्रश्न यावा असं वाटतं. येत नाही, म्हणे. 'व्याख्या द्या' येतं.

शिकायचं कुठं, बॉस?

आता तुमच्या कामाचं. ऑफिसात कंटाळलेले, 'एलएलबी करून टाकू का' म्हणणारे मला किमान चार जण माहीत आहेत, त्यांच्यासाठी खास.

पहिली गोष्ट, एलएलबीत 'प्रायव्हसी लॉ' अशी स्वतंत्र पदवी शोधत बसू नका. तीन वर्षांच्या एलएलबीला कुठल्याही शाखेचा पदवीधर चालतो, राज्याची सीईटी द्यायची. सायबर हा त्यातला एखादा पेपर. खरी खोली येते ती एलएलएममध्ये, डिप्लोमात, आणि स्वतः निकाल वाचण्यात. आणि हो, नोकरी सांभाळून एलएलबी हा प्रकार दिसतो तितका सोपा नाही. बार कौन्सिलचा नियम ७० टक्के हजेरीचा आहे, आणि पत्रव्यवहारानं केलेल्या एलएलबीवर सनद मिळत नाही.

डिप्लोमाचं तसं नाही. बंगळुरूची नॅशनल लॉ स्कूल सायबर लॉ आणि सायबर फॉरेन्सिक्सचा पदव्युत्तर डिप्लोमा दूरशिक्षणानं देत आलीय, हैदराबादचं नालसार सायबर लॉचा. (हैदराबाद आम्हाला परकं नाही. १९५६पर्यंत परभणी हैदराबाद राज्यातच होती.) पुण्यात एशियन स्कूल ऑफ सायबर लॉज १९९९पासून आहे, म्हणजे देशाचा माहिती तंत्रज्ञान कायदा यायच्या आधीपासून, हे मला भारी वाटलं. राज्यात मुंबई, नागपूर आणि छत्रपती संभाजीनगर अशी तीन राष्ट्रीय विधी विद्यापीठं आहेत. परभणीच्या मुलीला संभाजीनगर जवळचं. पण फी हा शब्द आला की आमच्या ओसरीवर शांतता पसरते. नुसता डिप्लोमा करून मात्र वकील होता येत नाही, हे कोरून ठेवा. इंजिनीअर असाल आणि कंपनीतच प्रायव्हसीच्या टीममध्ये जायचं असेल तर डिप्लोमा, किंवा आयएपीपी, डीएससीआयसारख्या संस्थांची प्रमाणपत्रं उपयोगी पडतात. कोर्टात उभं राहायचं असेल तर काळ्या कोटाला पर्याय नाही.

आणि काम? डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायदा ऑगस्ट २०२३मध्ये झाला, नियम नोव्हेंबर २०२५मध्ये आले, आणि कंपन्यांवरच्या मुख्य जबाबदाऱ्यांसाठी त्यात अठरा महिन्यांची मुदत ठेवली गेली. सुरक्षा नीट ठेवली नाही तर २५० कोटींपर्यंत दंड. माहिती फुटली तर ७२ तासांत मंडळाला तपशील द्यायचा. सरकार ज्या बड्या कंपन्यांना 'महत्त्वाच्या' ठरवील त्यांनी भारतात राहणारा डेटा संरक्षण अधिकारी नेमायचा. आणि मला सगळ्यात आवडलेलं : संमती मागणारी सूचना आठव्या अनुसूचीतल्या कुठल्याही भाषेत वाचायची सोय द्यावी लागेल. म्हणजे मराठीत! आता सांगा, 'आय ॲग्री'च्या खालचा तो सोळा पानी मजकूर आत्याला कळेल अशा मराठीत कोण लिहिणार? हिंजवडीतलं भाषांतराचं सॉफ्टवेअर? मी ते वाचून पाहिलंय. नको.

मामांचा व्हेटो

हे सगळं मी मामांपुढं उत्साहानं मांडलं. मामा ऐकत होते, सुपारी कातरत. मग म्हणाले, "समदं खरंय. पण मला एक सांग, सायबरचा पक्षकार फीस कुठून देईल? त्याचं खातं तर आधीच रिकामं झालेलं आसतंय!"

मी हसले, पण हा मुद्दा खोडता आला नाही. परभणीच्या कोर्टात पोट चालतं ते वाटणीचे दावे, भूसंपादनाचा वाढीव मोबदला आणि अपघाताची भरपाई यांवर. जालना-नांदेड महामार्गाची जमीन गेली, तिथंच पुढची दहा वर्षं काम आहे, असं मामांचं गणित. आणि सायबरचं कॉर्पोरेट काम पुण्या-मुंबईत. म्हणजे शिकलेली मुलगी जाणार तिकडं, आणि पत्रिका उघडून फसणारी माणसं राहणार इकडं. बहीण अजून ठरवू शकलेली नाही. एलएलएमचा फॉर्म तिनं भरायचा ठेवलाय, आणि दुसरीकडं आत्याचा कलम ४६चा अर्ज ती स्वतः लिहितेय. तिच्या सरांनी दोनदा तपासून दिला, तिनं तिसऱ्यांदा बदलला.

आणि माझा घोळ

आता कबुली. बँकेतून आल्याच्या रात्री मी संतापून आमच्या फॅमिली ग्रुपवर सगळा किस्सा टाकला. आत्याचं नाव, गाव, बँक, आकडा, मेसेजचा स्क्रीनशॉट, सगळं. 'अवेअरनेस' म्हणून! सकाळपर्यंत तो मेसेज मावशीच्या भिशी ग्रुपवर, तिथून शिक्षकांच्या ग्रुपवर, आणि दुपारी आत्याला बाजारात तिच्याच एका माजी विद्यार्थ्यानं थांबवून विचारलं, "बाई, एवढे पैसे गेले म्हणं?"

आत्या घरी आली. ओरडली नाही. "पैसे गेले ते चोरानं नेले गं," ती म्हणाली. "हे तू नेलंस."

मी बहिणीकडं बघितलं. ती म्हणाली, "घरगुती कारणासाठी केलेल्या गोष्टीला तो कायदा लागू नाही, ताई. तू सुटलीस." तिचा चेहरा मात्र मी सुटले असं सांगत नव्हता.

वर ती हळूच म्हणाली, लेख लिहिशील तेव्हा मात्र जपून. न्यायमूर्ती श्रीकृष्ण समितीच्या २०१८च्या मसुद्यात पत्रकारितेला सूट होती, २०१९च्या विधेयकातही होती, २०२३च्या कायद्यात ती नाही. आणि याच कायद्यानं माहिती अधिकारातलं वैयक्तिक माहितीचं कलमही बदललंय. आधी सार्वजनिक कामाशी संबंध दाखवला की माहिती निघायची; आता 'वैयक्तिक आहे' म्हणून नकार देणं सोपं झालंय, जनहिताचा मोठा दरवाजा वेगळा ठोठवावा लागेल. अण्णा हजारेंच्या राज्यातल्या पत्रकाराला हे टोचणारच. प्रायव्हसी हवी तर कुणाची, आत्याची की साहेबांची, हा वाद आम्ही दोघी रात्री दीडपर्यंत घालत होतो. तिचं म्हणणं, दोन्ही एकाच कायद्यात कोंबल्यानं घोळ झाला. मला पटतं.

तर या लेखासाठी रीतसर संमती घ्यायची ठरली. बहिणीनं मराठीत अर्धं पान लिहिलं : कुठली माहिती, कशासाठी, कुठं छापणार, आणि संमती जितक्या सहज दिली तितक्याच सहज परत घेता येईल. आत्यानं चष्मा लावला, लाल पेन घेतलं, आधी त्यातल्या शुद्धलेखनाच्या तीन चुका काढल्या, मग सही केली. गावाचं नाव तेव्हाच खोडलं. लेखाचा मसुदा पाठवला, तर दोन दिवसांनी फोन आला.

"बाकी राहू दे. आकडा काढ."

काढला.

"आणि ते रिटायर काय लिहिलंयस? सेवानिवृत्त लिही."

ते मात्र मी तसंच ठेवलंय. अर्ज मंत्रालयात गेला की बोलू.